मऊ तारेची काठी

४ जानेवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका. तुमची लेक सुखरूप आहे. तिचा नवराही सुखरूप आहे, आणि तो अजून सुखरूप आहे हे केवळ माझ्या संयमाचं फळ. फोन केला असता, पण या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांत वाटून खाल्लं जातं, आणि हे मला फक्त तुमच्या कानावर घालायचं आहे.

तुमच्या जावयाने माझी काठी कापली.

एरवी तो माझा मुलगा असतो. असलं काही केलं की तो तुमचा जावई.

काठी म्हणजे आधाराची नव्हे, माझे गुडघे अजून माझंच ऐकतात. मासे धरायची काठी. दोन पुरुष उंचीचा बांबू, टोकाला हातभर ताठ तार, तारेला चार बोटं दोरा आणि दोऱ्याला गळ. संपली काठी. समुद्र ओहोटीला मागे हटला की खडकांच्या कपारी उघड्या पडतात. गळाला शिंपल्यातलं मांस लावायचं आणि काठी कपारीत सारायची, आत, अंधारात, जिथे आपला हात जाणार नाही आणि गेला तर परत येईल याची खात्री नाही. आत वाम मासा बसलेला असतो. सापासारखा लांब, आणि आपल्या जागेबद्दल घरमालकासारखा ठाम. त्याने घास घेतला की त्याच क्षणी ओढायचं. जरा चुकलात की तो अंग वाकवून दगडाला असा घट्ट बसतो की एक वेळ खडक बाहेर येईल, तो येणार नाही.

मला हे आमच्या दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं. उभी नोकरी मी त्यांच्या खुर्चीशेजारी चिमटे देत काढली. सुट्टीच्या दिवशी ते खडकावर जायचे, आणि हातात काहीतरी आणून देणारं माणूस लागायची सवय, म्हणून मलाही न्यायचे. म्हणायचे, "दाढ काय, वाम काय, विचार करायला वेळ द्यायचा नाही." डॉक्टर गेले. खडक आहेत, मी आहे.

मागच्या महिन्यात शेवाळावर पाय सरकला. कोपर खरचटलं, कपडे भिजले. एवढंच. त्यावर घरात सभा भरली, मला न बोलावता ठराव झाला, आणि परवा बाजारातून येऊन बघते तर काठीचे चार तुकडे कुंड्यांत टोमॅटोला आधार म्हणून उभे! चारही अगदी एका मापाचे. जमीन मोजणी खात्यात आहे ना! आणि वर मला सांगतो, "आई, बघ, उपयोगाला आली."

नवा बांबू आणायला हार्डवेअरवाल्याकडे गेले. तो काउंटरवरून खाली बघत म्हणाला, "काकू, दादांनी सांगून ठेवलंय." म्हणजे आता मला बांबू विकत घ्यायला लेकाची परवानगी! दारू मागितली असती तरी त्याने पुडक्यात बांधून दिली असती.

म्हणून तुमच्याकडे हात पसरते. तुमचं छत्र्यांचं दुकान. छत्रीच्या काडीसारखी तार दुसरी नाही, ताठ आणि तरी लवणारी. एक बांबू आणि त्याच्या टोकाला तशी एक काडी, एवढं करून पाठवा. मार्चमध्ये वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या ओहोट्या येतात, तेव्हा एरवी कधीच न दिसणाऱ्या कपारी उघडतात. त्या मला चुकवायच्या नाहीत. घरात मी आई, सासू, आणि उरलेला सगळा वेळ "तुम्ही बसा हो". खडकावर मला कोणी बस म्हणत नाही.

तुमच्या लेकीला यातलं काही कळता कामा नये.

तुमची विहीण


१३ जानेवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. जावईबापूंनी असं करायला नको होतं, पण त्यांचा हेतू वाईट नसावा. टोमॅटो कसे आहेत?

तुमचा शब्द माझ्याकडून मोडवेल का? तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंत. मोठं काम हातावेगळं झालं की लगेच काठीला हात घालते. बांबू एकसंध पाठवता येणार नाही, पार्सलवाला घेत नाही, म्हणून दोन तुकड्यांत करून मध्ये सांधा बसवते.

एक आपलं सुचवते, राग मानू नका. तुमच्याकडे धक्का आहे ना, सपाट, कठडा असलेला? तिथे खुर्ची टाकून गळ सोडून बसलं तर? आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई तळ्यावर तसंच करतात. मासा मिळत नाही, पण हवा छान मिळते.

लेकीला कळू देणार नाही, निश्चिंत असा.

तुमची विहीण


२ फेब्रुवारी

विहीणबाई,

काठी पोचली. तुमच्या कष्टांबद्दल आभार आधी मानून टाकते, कारण पुढे जागा मिळणार नाही.

पहिली गोष्ट, काठीच्या मागच्या टोकाला तुम्ही छत्रीची वाकडी मूठ बसवली आहे. का? समुद्राने मला रस्ता विचारला तर टेकून उभी राहू म्हणून?

दुसरी गोष्ट, तार. दोघं कामावर गेल्यावर मी पाठीमागच्या गल्लीने खडकावर गेले. चोरासारखी, विहीणबाई, या वयात, स्वतःच्या पायांनी! चांगली खोल कपार निवडली. काठी आत सारली. तार पहिल्या दगडाला टेकली आणि अशी वळली की गळ फिरून माझ्याचकडे बघायला लागला. सरळ केली. पुन्हा सारली. तिसऱ्या खेपेला आत वामाने घास धरला, मला हातात कळलं, त्या कळण्यासाठीच तर मी जाते, आणि मी ओढलं. काठी आली. तार मात्र येता येता लांब होत राहिली, ओल्या वातीसारखी. वामाने आमिष खाल्लं, गळ ठेवला. शिक्षणात कमी नाही तो.

ही छत्रीची काडी नव्हे. या तारेने फुलांचे गुच्छ बांधावेत. चुकून गेली असेल असं समजते. ताठ तार बसवून दुसरी पाठवा, आणि मूठ नको.

धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचं तर त्यापेक्षा मी टोमॅटोशेजारी कुंडीतच उभी राहते.

विहीण


१० फेब्रुवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. माझ्या दुकानातून गेलेल्या वस्तूला आजवर कोणी फुलांच्या गुच्छाची तार म्हटलेलं नाही. मुठीबद्दल म्हणाल, तर मी ती हातातून सुटू नये म्हणून बसवली होती. माझं मेलीचं चुकलं.

तारेची नवी भेंडोळी आली आहेत, एखादं हलकं निघालं असेल. आता दुहेरी पिळून बसवली आहे. सांधाही नवा केला आहे. काठी परवा निघाली.

पण खरं सांगू? तुम्ही गुरुवारी एवढ्या वाऱ्यात खडकावर जायला नको होतं. निदान चपला तरी धड घालत जा. पट्टा तुटलेल्या चपलेवर शेवाळावरून चालणं म्हणजे काय!

टोमॅटोला फळ धरलं का?

तुमची विहीण


२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार तेवढा आहे. प्रेम चौकशी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवते.

दुसरी काठी आली. दुहेरी पिळलेली तार दुप्पट मऊ निघाली. पण ती राहू द्या. मी काठी कपारीत घातली, आत धक्का लागला, ओढलं, आणि माझ्या हातात अर्धी काठी आली. उरलेली अर्धी सांध्यातून अलगद निसटून कपारीतच राहिली. वाम आता तिच्यावर कपडे वाळत घालत असेल.

मी तिथेच एका खडकावर बसले (बसलेच, बघा!) आणि विचार केला. तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही मला एक छत्री दिली होती. मोठी, लोखंडी दांड्याची, स्वतः बांधलेली. आमच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या छत्र्या उलट्या होऊन कावळ्यांसारख्या उडतात. तुमची एकदाही उलटली नाही. तिची एक काडी सुटली नाही, एक टाका उसवला नाही. ज्या बाईच्या हातची छत्री वादळाला दाद देत नाही, तिच्या हातचा सांधा एक मासा सोडवतो?

आणि दुसरं. मी गुरुवारी गेले हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या पत्रात वार नाही. वारा नाही. चपलेचा पट्टा तर माझा मलाच घरी आल्यावर दिसला.

विहीणबाई, मी तुम्हाला अडाणी समजत होते, त्याबद्दल माफी मागते. तुम्ही अडाणी नाही, फितूर आहात. मी ज्यांच्यापासून लपवून तुमच्याकडे आले, त्यांच्याशीच तुम्ही संधान बांधलंत, आणि मग मला "नाही" म्हणायची हिंमत नाही म्हणून दोनदा मऊ तार पाठवलीत! मुलाने निदान दिवसाढवळ्या करवत धरली. तुम्ही पार्सलमध्ये घालून पाठवलीत.

मार्चच्या ओहोट्या तोंडावर आल्या आहेत. बहुधा हाच तुमचा हिशेब.

लोखंडी दांड्याच्या छत्रीची मालकीण


४ मार्च

विहीणबाई,

हो. मुद्दाम केलं. दोन्ही वेळा. आणि आता नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून बोलू.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या आधीच लेकीचा फोन आला होता. रडत होती. तुम्हाला ती रडताना दिसली नसेल, ती तुमच्यासमोर रडत नाही, तुमच्या जिभेला भिते. तिच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून तुमचे खडक दिसतात, हे तुम्हाला माहीत आहे? नसेल. तुम्ही कधी विचारलं नाहीत. ओहोटीच्या वेळी तिचा एक डोळा कामात आणि एक खिडकीत असतो. तुम्ही लिहिता, "कोपर खरचटलं, कपडे भिजले, एवढंच." तिने वरून काय पाहिलं ते लिहू? तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात बसला होतात, मागून लाट येत होती, आणि दोन्ही हातांनी तुम्ही काय धरलं होतं? खडक नव्हे. काठी! त्यानंतर तिच्या हातातली बाटली फुटली. कोणाचं तरी रक्त पुन्हा काढावं लागलं.

आता तिला तिथे विभागाची प्रमुख केलंय. हे तरी तुम्हाला माहीत असेल. पण प्रमुख झालेल्या बाईच्या सासूचं खुब्याचं हाड मोडलं तर नोकरी कोण सोडतं, हे मला माहीत आहे. माझ्या सासूबाई उंबऱ्यावर पडल्या तेव्हा दुकानाला कुलूप कोणी लावलं? आमच्या ह्यांनी नाही लावलं. ह्यांना कुलूप कुठे ठेवलेलं असतं तेही ठाऊक नव्हतं. मी लावलं. ते उघडलं तेव्हा माझी अर्धी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊन बसली होती. सासूबाई जाताना मला आशीर्वाद देऊन गेल्या. आशीर्वादावर छत्र्या विकत नाहीत.

माझ्या लेकीचं तसं होऊ देणार नाही. त्यासाठी तुम्ही मला फितूर म्हणा, नाही तर आणखी काही म्हणा. तुम्हाला "नाही" म्हणायला हवं होतं, हे कबूल. पण तुम्हाला "नाही" म्हणून कोण जिवंत परत आलंय?

मऊ तार शोधायला मला तीन दुकानं हिंडावी लागली, हेही कळवते. माझ्याकडे ती नसते.

लेकीची आई


१८ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी इतकी संतापले की त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले, पण संताप होता तिथेच.

सगळ्यांना सगळं माहीत होतं! सून खिडकीतून बघते, मुलगा करवत आणतो, तुम्ही तार शोधत हिंडता, हार्डवेअरवाला मान खाली घालतो. जिचे पाय, जिची काठी, जिचं खुब्याचं हाड, तिला तेवढं कोणी विचारलं नाही. "आई, तुम्ही पडलात तर माझी नोकरी जाईल", एवढं एक वाक्य. मी दातांच्या दवाखान्यात आयुष्य काढलंय. माणसाला सांगून चिमटा लावला तर तो तोंड उघडतो. न सांगता लावला तर चावतो.

म्हणून मी चावले. तुमची छत्री मोडली.

हो, तीच. कापड सोडवलं, काड्या उकलल्या. लोखंडी दांड्याचे तीन तुकडे करून आणले. लोहाराला कोणी सांगून ठेवायला विसरलं होतं! मग कुंड्यांतून माझ्या काठीचे चार तुकडे उपटले. टोमॅटो आडवे झाले, त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की दुसऱ्याच्या आधारावर फार फुलू नये. बांबूच्या आतल्या गाठी तापल्या सळईने फोडल्या, प्रत्येक सांध्यात दांड्याचा एक तुकडा आतून बसवला, वरून मेण लावलेला दोरा आवळला. टोकाला तुमची काडी. हे सगळं मी बैठकीच्या खोलीत केलं, दार उघडं ठेवून. चोरी संपली.

शुक्रवारी सकाळी मोठी ओहोटी होती. दारात तुमची लेक उभी. कामावर निघालेली.

"कुठे?"

"खडकावर."

"काठी कुठून आली?"

"टोमॅटोतून."

"आणि आईची छत्री?"

"काठीत."

ती म्हणाली, "आणि पडलात तर?" मी वळून तुमच्या जावयाकडे पाहिलं, तो खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघाला होता. म्हटलं, "मी पडले तर ज्याने करवत धरली, त्याने बेडपॅन धरायचं. तुझ्या खात्यातली जमीन कुठे पळून जात नाही. हिच्याकडचं रक्त तासाभरात नासतं. कळलं?" तो म्हणाला, "पण आई, रजा…" मी म्हटलं, "आत्ताच अर्ज लिहून ठेव, तारीख मी पडेन तेव्हा घाल." तो खरंच आंघोळीऐवजी विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं." विहीणबाई, हे "बरं" मी तुमच्या लेकीसमोर वदवून घेतलं आहे. तुमच्या वेळी कोणी घेतलं नाही, ते कोणीतरी घ्यायला हवं होतं.

तरी ती म्हणाली, "मी येते. उशिरा जाईन कामावर. नुसती उभी राहीन, समुद्राकडे बघत." आली. हाताची घडी, चेहरा परीक्षेतल्या बाईंसारखा. पहिल्याच कपारीत वाम लागला. मी ओढला, विहीणबाई, आणि तो आला! तिन्ही सांधे जागचे हलले नाहीत. काडी धनुष्यासारखी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. मी तुम्हाला काहीही म्हटलेलं असो, तुमच्या हाताला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला तुम्हाला दुसऱ्या दुकानातून तार आणावी लागते.

पुढची कपार एका शिळेच्या मागे होती, माझा खांदा पोचेना. "द्या इकडे," म्हणून तिने काठी घेतली. वाकली, चाचपडत आत सारली. आणि एकदम कुजबुजली, "आई, आत कोणीतरी आहे!" जसं काही दार ठोठावल्यावर आतून आवाज आला. ओढ म्हणायच्या आत तिने ओढला होता. मग मला म्हणाली, "सरका जरा." मला!

कामाला ती पाऊण तास उशिरा गेली. तिने तिथे काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

तुमची विहीण


२७ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

माझी छत्री!

दुहेरी शिवणीची, लेकीच्या लग्नासाठी म्हणून निवडून निवडून काड्या लावलेली. दुकानात टांगली होती तेव्हा लोक दुप्पट द्यायला तयार होते. तिची तुम्ही लोहाराकडे नेऊन खांडोळी केलीत! आमचे हे म्हणतात, "जाऊ दे, कामाला आली." सगळ्या पुरुषांना हे एकच वाक्य येतं वाटतं.

काडी वाकून परत सरळ झाली म्हणता? पूर्ण सरळ? टोकाशी जरासुद्धा कल राहिला नाही? नीट बघून कळवा. सहज विचारते.

जावईबापूंच्या "बरं"बद्दल मी काही लिहीत नाही. ते वाचून दुकानात एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे दोनदा परत दिले, एवढंच सांगते.

पण तुम्ही हे काय करून ठेवलंत? काल लेकीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणते, "आई, एक बांबू आणि एक काडी पाठवशील? ताठ हवी. आईंची काठी दोघींत पुरत नाही." मी म्हटलं, अगं, तू त्यांना थांबवणार होतीस ना? तर म्हणते, "तुला नाही कळायचं. आत काय आहे ते दिसत नाही, फक्त हातात कळतं. दिवसभर मी सगळं भिंगातून बघतच असते." आणि हे सगळं मोबाइलवर बोलत होती, मागे लाटांचा आवाज! कामाच्या वेळेला!

तुम्हाला वाचवायला निघालेली माझी पोर तुम्ही खडकावर नेऊन बिघडवलीत. आता तुम्हीच तिला समजावा.

तुमची विहीण


५ एप्रिल

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

काडीचं टोक पट्टी लावून पाहिलं. कल नाही.

समजावायचं म्हणता? कोणाला? माझं या घरात कोण ऐकतं? अहो, ती मुलगी खडकावर कशी वागते हे तुम्ही बघायला हवं! काल ओहोटी संपत आलेली, पाणी वळलेलं. समुद्राकडे तोंड करायचं तर ही समुद्राकडे पाठ करून, एक पाय इथल्या खडकावर, एक तिथल्या, डोकं कपारीत, आणि काठी अशी घट्ट धरलेली की जग बुडालं तरी सुटायची नाही. मी मागून हाक मारली. दुसरी मारली. मागे लाट उभी राहिली तेव्हा तिसरी मारली ती सगळ्या किनाऱ्याने ऐकली. ही मान न वळवता काय म्हणाली असेल? "आई, तुम्ही बसा हो."

बसा हो!

लाट तिच्या कमरेपर्यंत आली आणि गेली. ती हसत होती. मी हसत नव्हते. मी पाण्यात बसले होते त्या दिवशी तिने वरून काय पाहिलं, ते मला काल खालून दिसलं. तुमच्या जावयाला सांगितलं, तर तो करवत शोधायला लागला. त्याला मी गप्प बसवलं. करवतीने काय होतं ते या घराने पाहिलंय. काठी पुन्हा जुळते.

विभागाची प्रमुख आहे ती. चार माणसं तिच्या हाताखाली. तिला काही झालं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? या वयातल्या पोरींना कसली म्हणून भीती नाही. आमचं वेगळं होतं.

तर विहीणबाई, एक विनंती. तिने मागितलेली काठी जरूर पाठवा. नाही म्हणू नका, नाही म्हटलं की ती आणखी हट्टाला पेटेल, तुमच्यावरच गेली आहे. फक्त तार जरा मऊ बसवा. सांधाही फार आवळू नका. चार-दोन वेळा मासा निसटला की आपोआप कंटाळेल.

तिला यातलं काही कळता कामा नये.

तुमचीच
विहीण


१२ एप्रिल

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

पार्सलात तुमच्यासाठी नवी छत्री आहे. मोडण्याआधी एकदा उघडून बघा.

लेकीची काठीही त्यातच आहे. तुम्ही म्हणालात तशीच करणार होते, पण मऊ तार होती नव्हती तेवढी तुमच्या दोन काठ्यांतच संपली.

तुमची विहीण